काळी चार, मोकळा गळा

माझ्या घरात गाण्याची मैफल झाली त्याला आज नऊ दिवस झाले, आणि केवड्याचा वास अजून गेलेला नाही. पडदे धुतले, सतरंज्या उन्हात टाकल्या, फरशी फिनेलने दोनदा पुसली. तरी कपाट उघडलं की भपकन नाकात शिरतो.

माझं नाव आबेदा. एकतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवलं. घर खडकी बाजारात, तळमजल्यावर. मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पुढे रस्त्याच्या बाजूला एक मोठी खोली. त्या मोठ्या खोलीत माझे मिस्टर नियाज चाळीस वर्षं पेट्या बनवायचे. कोणी 'हार्मोनियम' म्हणालं तर आधी त्याला पेटी म्हणायला शिकवायचे, मग किती दिवसांत मिळेल ते सांगायचे. तीन वर्षांपूर्वी ते गेले. घरात आम्ही हिंदी-मराठीची खिचडी बोलतो, पण लिहिणार मी मराठीतच. एवढी वर्षं पोरांच्या वह्या लाल केल्यात, उगाच नाही.

नियाजचा एक नियम होता. पेटी तयार झाली की लगेच गिऱ्हाइकाला द्यायची नाही. आधी या खोलीत बसून तिच्या साथीवर कोणीतरी गायलं पाहिजे, पाचच मिनिटं का होईना. "नुसती वाजवलेली पेटी खोटं बोलते," म्हणायचे. गाणं चालू असताना ते भिंतीकडे तोंड करून बसायचे, सूर देणारं एखादं पितळी रीड कानाला खुपलं तर काढून घासायचे, आणि मगच पेटी उंबरठ्याबाहेर जायची. दुसरी सवय म्हणजे झाकणाच्या आतल्या बाजूला शिसपेन्सिलीने गिऱ्हाइकाचं नाव, त्याची गायची पट्टी आणि गळ्याबद्दल दोन शब्द लिहायची. एका नावाजलेल्या गवयाच्या पेटीत 'थोडा नाकात' असं लिहिलेलं आहे. त्यांनी अजून झाकण उघडून बघितलेलं दिसत नाही.

त्यांनी केलेली शेवटची पेटी संभाजींची. संभाजी कात्रजच्या पलीकडचे, भिलारेवाडीचे. गाव आता पुण्यात आलं. रस्ता रुंद करताना त्यांचा जुना गोठा पाडला, तेव्हा त्याच्या तुळईचं सागवान टेम्पोत घालून ते आमच्याकडे घेऊन आले. "आज्याच्या हातचं लाकूड हाय, नियाजभाई. कपाट करण्यापरीस पेटी करा." गावच्या भजनी मंडळात ते गातात. नियाजनी ती पेटी पाच महिने केली, पुरी केली, आणि आठवड्याच्या आत गेले.

चाळिसावा झाल्यावर संभाजी आले. पेटी कापडात बांधून ठेवलेली होती. मी म्हटलं, "यांचा नियम आहे. कोणी गायल्याशिवाय मला देववत नाही."

"मग मीच म्हणू का दोन वळी, भाबी?"

"बघू," मी म्हटलं.

का म्हटलं ते मला तेव्हाही माहीत होतं. या खोलीत मोठमोठे गळे येऊन गेले. मी स्वयंपाकघरात भाकरी थापताना ज्यांना ऐकलं त्यांना लोक रांगा लावून ऐकतात. शेवटच्या पेटीवर तसलाच गळा बसावा असं माझ्या मनात होतं, आणि संभाजींचा गळा मी त्यात धरला नव्हता. ते चहा पिऊन गेले. पुढे दर दोन-तीन महिन्यांनी येत राहिले. कधी मेथीच्या जुड्या, कधी सीताफळं, कधी घरचं तूप. पेटीचा विषय मीच काढायचे, "शोधतेय हं कोणीतरी." ते म्हणायचे, "असूं द्या भाबी, घाई न्हाय."

अशी तीन वर्षं गेली. मग तनया आली.

तनया म्हणजे माझा मुलगा तन्वीर याच्या ऑफिसातली मुलगी. शनिवार-रविवारी ती लोकांच्या घरात गाण्याचे कार्यक्रम करते. त्याला नाव 'दिवाणखाना सेशन्स'. तन्वीरने तिला आमच्या खोलीबद्दल काहीतरी सांगितलं असणार, कारण ती आली ती फोन समोर धरूनच आली.

"आंटी, किती ऑथेंटिक!" पोपडे निघालेल्या भिंतीचे तिने सात-आठ फोटो काढले. "प्लीज हे रंगवू नका हं."

रंगाचे डबे कोपऱ्यात आणून ठेवलेले होते. त्याच महिन्यात रंगवणार होते मी. तिने ते डबे पायाने सरकवले आणि पुन्हा फोटो काढला.

मी सांगून टाकलं, "घर देते. पण एका अटीवर. तुम्ही आणाल त्या गाणाऱ्या बाई जी साथ घेतील ती या पेटीवर. नियाजची शेवटची पेटी आहे. तिच्यावर गाणं झालं की ती ज्याची त्याच्याकडे जाईल."

"वॉव. ऑफकोर्स, आंटी! तोच तर हायलाइट असेल."

"बाईंची पट्टी कुठली? ही काळी चारला लावली आहे." चौथ्या काळ्या पट्टीला सा धरणाऱ्या गळ्यासाठी, असं मी तिला समजावूनही सांगितलं. नियाज प्रत्येक पेटी एकाच सा साठी लावायचे, दुसऱ्या पट्टीत ती कुरकुरते.

"हो हो, सेम सेम," ती म्हणाली आणि फोनमध्ये काहीतरी लिहिलं. मला वाटलं पट्टी लिहून घेतली.

मी संभाजींना फोन केला. पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी अकराला तुमच्या पेटीवर गाणं होणार, या, आणि जाताना पेटी घेऊनच जा. ते म्हणाले, "खोळ शिवून आणतो."

त्या रविवारी सकाळी आठ वाजता दारात टेम्पो उभा राहिला. मी पोहे भिजवत होते. चाळीस माणसांचे पोहे आणि शिरा, नियाज असते तर तेच केलं असतं. तनयाने परातीत डोकावून बघितलं आणि तिचा चेहरा पडला.

"आंटी, केटरर येतोय. कबाब, शीर खुर्मा वगैरे. लोक तुमच्याकडे पोहे खायला नाही ना येणार."

"मग कशाला येणारेत? गाणं ऐकायला ना?"

"एक्स्पीरियन्ससाठी," ती म्हणाली.

त्या एक्स्पीरियन्सचं सामान मग एकेक उतरू लागलं. फ्रिज मागच्या खोलीत ढकलला, कारण त्याने म्हणे जुन्या काळाचा 'एरा' मोडतो. भिंतीवरचं कॅलेंडर, टीव्ही, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सगळं मागे. पुढे हिरव्या जाळीचे पडदे, लोडांचा ढीग, पितळी पिंजरा.

"यात काय ठेवायचं?" मी विचारलं.

"काही नाही. तो मूड आहे."

खिडकीत हुक्का ठेवला. आमच्या घरात तंबाखू कधी आली नाही. नियाज सुपारीसुद्धा खायचे नाहीत, हात थरथरतो म्हणायचे. त्यांचं व्यसन एकच, चहात बुडवून बिस्कीट. एका पोरीने कापसाचे बोळे अत्तरात बुडवून पडद्यांना पुसले, तोच हा केवडा. सगळ्यात शेवटी तनयाने नियाजच्या फोटोला झेंडूचा हार घातला आणि समोर मेणबत्ती लावली.

"आमच्यात घालत नाहीत," मी हार काढला.

"ओह, सॉरी सॉरी!" तिने तोच हार पिंजऱ्याला घातला. "आणि आंटी, आज आम्ही तुम्हाला आबेदा आपा म्हणणार. तुम्ही दारात उभं राहून सगळ्यांना आदाब केलंत ना, तर इतकं छान—"

"मला सगळी खडकी बाई म्हणते. आणि दारात उभी राहिले तर चपला नीट लावा एवढंच सांगेन."

ती गोड हसली. मी काहीही बोलले की ती गोड हसायची, जसं काही मी गंमतच करतेय. तन्वीर माझ्या मागे उभा होता. "अम्मी, जाऊ दे ना. दोन तासांचा प्रश्न आहे." मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण तो बरोबर बोलत होता. मला ती पेटी वाजताना ऐकायची होती. त्यासाठी मी पिंजरा सहन केला, हुक्का सहन केला. लाज वाटायला पाहिजे होती, ती तेव्हा वाटली नाही.

दहा वाजता गायिका विजयमालाताई आणि पेटीवाले आनंद आले. बाई साध्या होत्या. येताच गरम पाणी मागितलं, पिंजऱ्याकडे एकदा बघितलं आणि नजर वळवली. आनंदनी नियाजच्या पेटीसमोर मांडी घातली, भाता उघडला, सा दाबला. एकच सूर, पण तीन वर्षांनी. मी दाराची चौकट धरली.

त्यांनी बाईंच्या पट्टीत चार सूर वाजवले आणि थांबले. झाकण उचललं, आत वाकून वाचलं. " 'संभाजीराव, भिलारेवाडी. काळी चार. मोकळा गळा.' बाई, ही कोणा भजन म्हणणाऱ्याची पेटी आहे. ताई पांढरी पाचला गातात. त्यांच्या पट्टीत ही बोचेल. काय काम केलंय पण!" त्यांनी लाकडावरून हात फिरवला. "ज्याच्यासाठी केलीय त्याने गावं. मी माझीच लावतो."

मी तनयाकडे बघितलं. "तुम्ही सेम म्हणाला होतात."

"नो प्रॉब्लेम आंटी, फ्रेममध्ये राहील ना!" तिने पेटी बाजूला, फोटोखाली ओढली, झाकण लावलं आणि वर पाच मेणबत्त्या मांडल्या. चांगल्या जाड, पांढऱ्या. मी दोन काढल्या. ती लगेच परत ठेवायला लागली, तेवढ्यात माणसं यायला सुरुवात झाली.

माणसं म्हणजे नवे कोरे कुर्ते आणि हातात फोन. एका बाईंनी आत येताच श्वास ओढला आणि म्हणाल्या, "अहाहा, हा वास! या घरांना असतोच ना." एका गृहस्थांनी नियाजच्या हत्यारांचे खण एकेक उघडून बघितले, पुन्हा लावले नाहीत. एकजण मागच्या खोलीत फ्रिजपर्यंत पोचला आणि "इथे खरं घर आहे" असं ओरडून त्याने बायकोला बोलावलं. मला शिसारी आली. आपल्याच घरात अंग चोरून उभं राहायचं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

अकराला पाच कमी होते आणि संभाजी दिसेनात. ते वेळेआधी येणारे. मी खिडकीतून बघितलं तर समोरच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभे. पांढरे कपडे, धुतलेली टोपी, काखेत नव्या खाकी कापडाची घडी. मी रस्ता ओलांडून गेले.

"इथं काय करताय?"

"त्या ताई म्हनल्या, डायव्हर लोकांनी समोर थांबा. म्हनलं, आत जागा नसंल."

मी त्यांना हाताला धरून आत आणलं. लोड भरले होते. ते दाराजवळ, चपलांच्या ढिगाशेजारी बसले, घडी मांडीवर ठेवून. तिथून त्यांना पेटी दिसत होती. मेणबत्त्याही दिसत होत्या. पट्टी जुळली नाही, तुमच्या पेटीवर काही होणार नाही, हे त्यांना सांगायला मी वाकणार, तेवढ्यात तनयाने माइक घेतला आणि माझा हात धरून मला पुढे बसवलं. वीस बाय पंधराच्या खोलीत माइक.

"मित्रांनो, आज आपण एका लव्ह स्टोरीच्या घरात बसलोय," ती म्हणाली. "ही पेटी बघताय? नियाज साहेबांनी हे जग सोडण्याआधी शेवटची पेटी बनवली. कोणासाठी? कोणा गिऱ्हाइकासाठी नाही. त्यांच्या आबेदासाठी. ही पेटी म्हणजे त्यांचं अखेरचं पत्र आहे. तीन वर्षं आपांनी ती कुणाला दिली नाही."

एका तासापूर्वी तिच्यासमोर झाकणातलं नाव वाचलं गेलं होतं. तिने स्वतःच्या कानांनी ऐकलेलं.

चाळीस माणसं माझ्याकडे वळली. कोणीतरी "ओह" म्हणालं. एका बाईने डोळे पुसले. टाळ्या सुरू झाल्या.

आणि मी गप्प बसले.

मला बोलता येत नाही असं नाही. शिक्षणाधिकाऱ्याला भर सभेत तोंडावर सुनावलेली बाई मी. 'खोटं आहे, पेटी त्या दाराशी बसलेल्या माणसाची आहे', एवढंच म्हणायचं होतं. पण तीन वर्षांत नियाजबद्दल कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. नळाचं बिल आलं तेव्हा त्यांचं नाव घेतलं गेलं, रेशनकार्डावरून कमी करताना घेतलं गेलं. आता चाळीस माणसं त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होती आणि एक क्षण, मोजून एक क्षण, मला वाटलं, असेलही. माझ्यासाठीच केली असेल. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी मान खाली घातली. समोरून सात-आठ फोन माझ्या तोंडावर रोखले गेले.

मान वर केली तेव्हा संभाजी कापडाची घडी उलगडून पुन्हा घालत होते.

विजयमालाताई दीड तास गायल्या. चांगल्या गायल्या म्हणतात, मी काही ऐकलं नाही. माझं लक्ष मेणावर होतं. ते आधी झाकणावर साचलं, मग कडेने ओघळलं आणि पट्ट्यांच्या फटीत उतरायला लागलं. उठायला गेले की फोन माझ्याकडे वळायचे आणि मी पुन्हा बसायचे. मांडी घालून बसलेली चाळीस माणसं, सगळ्यांच्या माना फोनमध्ये, आणि मधूनच एखादा चुकीच्या जागी "क्या बात है" म्हणायचा. बाई एकदा गाता गाता त्याच्याकडे बघून थांबल्यासुद्धा.

मग खाणं. भांड्यांसमोर छापील पाटी: 'आबेदा आपांच्या हातचं दस्तरखान'. मी एक कबाब तोंडात घातला आणि मोरीत जाऊन थुंकला. त्यातही केवडा. एक बाई मागोमाग आल्या. "आपा, याचं सीक्रेट काय?"

"मला माहीत नाही. ज्याने केलाय त्याला विचारा."

"सो हंबल!" त्या म्हणाल्या आणि माझ्या गालाला गाल लावला. त्यांच्या ओठांचं तूप माझ्या कानाला लागलं. माझे पोहे स्वयंपाकघरात परातीत तसेच होते.

पुढच्या खोलीत आले तर नियाजच्या बाकावर त्यांचा पितळी रीडचा ट्रे होता. लांबट, पातळ कप्प्यांचा, एका कप्प्यात एक रीड. माझ्या हातून त्यांनी चाळीस वर्षांत तो कधी पुसूनसुद्धा घेतला नव्हता. आता त्यात कोंबडीची हाडं होती. चघळलेली, ओली. एका कप्प्यात टिश्यू खोचलेला होता. मी ट्रे उचलला, मोरीत उपडा केला आणि बाहेर येऊन म्हणाले, "चला. कार्यक्रम संपला. सगळ्यांनी निघायचं."

माझा वर्गातला आवाज होता तो. दहा मिनिटांत खोली रिकामी झाली. जाताना एकाने मला आदाब केला. तनया विजयमालाताईंना सोडायला गाडीत बसून गेली, सामान न्यायला परत येते म्हणाली. तन्वीर पत्रावळ्या गोळा करत होता, माझ्याकडे बघत नव्हता.

संभाजी दाराशी उभे होते. खोळ त्यांनी उंबरठ्यावर ठेवली.

"भाबी, मला म्हाईत नव्हतं. भाईंनी तुमच्यासाठी केली असंल तर ऱ्हाऊ द्या. लाकूड कुटं का असंना, कामाला आलं. ही खोळ घाला, धूळ बसती."

असं म्हणून ते चपला शोधू लागले. चाळीस माणसांनी तुडवलेल्या ढिगात त्यांची एकच चप्पल सापडत होती.

इतका वेळ मला सगळ्यांची किळस आली होती. तनयाची, त्या गालाला गाल लावणाऱ्या बाईची, हाडं टाकणाऱ्याची. आता ती वळून माझ्यावरच आली. हा माणूस तीन वर्षं माझ्या दारात येत होता आणि मी त्याचा गळा न ऐकताच हलका ठरवला होता. त्या उपऱ्यांनी त्याला ड्रायव्हर समजून समोर उभं केलं ते दहा मिनिटं. मी तीन वर्षं उभं केलं होतं.

"संभाजीराव, ती बाई खोटं बोलली," मी म्हटलं. "आणि मी ऐकून घेतलं. पेटी तुमचीच आहे. आत तुमचं नाव आहे. बसा, आणि गा."

"मी? पर तुमाला मोठ्ठा गळा पाहिजे व्हता नव्हं?"

म्हणजे त्यांना कळलं होतं. पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी नियाजचं पातळ पातं काढलं आणि पेटीसमोर खाली बसले. तीन पट्ट्या मेणाने चिकटल्या होत्या. फटीतून पातं फिरवून एकेक मोकळी केली. संभाजी अंगठ्याच्या नखाने झाकणावरचं मेण खरवडत होते. सागवानावर एक डाग राहिला, तो जाणार नाही. तन्वीर पत्रावळ्या टाकून जवळ आला आणि पिंजरा उचलून बाहेर रस्त्यावर ठेवला. त्याला मी सांगितलं नव्हतं.

संभाजींनी टोपी सारखी केली, भाता उघडला आणि काळी चार दाबून सा लावला.

त्यांचा आवाज गोड नाही. वर चढताना खरखरतो आणि शब्द ते गावातल्यासारखेच म्हणतात. पण पेटी आणि गळा यांच्यामध्ये कागद सरकवायला जागा नव्हती. मी भिंतीकडे तोंड करून बसले, जसे नियाज बसायचे तशी, कुठे रीड घासावं लागेल ते ऐकायला. कुठेच नाही. ऑर्डर द्यायला आले त्या दिवशीच नियाजनी त्यांना गायला लावलं असणार आणि पाच महिने तो आवाज डोक्यात ठेवून काम केलं असणार. शेवटच्या पेटीसाठी त्यांनी गळा निवडलेला होता. मी दुसरा शोधत बसले होते.

मागे फोन किणकिणला. तनया परत आली होती. फोन वर धरलेला.

"आंटी, हे किती रॉ आहे! काका, परत सुरुवातीपासून घ्याल? आणि टोपी जरा—"

संभाजी थांबले.

मी उठले. "घे. रेकॉर्ड कर. ही पेटी यांची. यांच्या आजोबांच्या गोठ्याचं लाकूड. माझ्यासाठी केलेली नाही. मघाशी जे सांगितलं ते खोटं होतं आणि मी गप्प बसले. हे सगळं घाल त्यात."

तिने फोन खाली केला. "पण आंटी, ते ऑलरेडी पोस्ट झालंय. आता स्टोरी बदलेल ना."

"बाहेर हो," मी म्हटलं. "पिंजरा रस्त्यावर आहे."

ती गेली. या वेळी गोड हसली नाही.

संभाजींनी ते भजन पुरं केलं, मग पेटी बंद करून खोळीत घातली. खोळ अगदी मापाची झाली होती. मी त्यांना पोहे वाढले, थंड झालेले, त्यांनी दोनदा घेतले. त्यांची दुसरी चप्पल तन्वीरला गटाराच्या कडेला सापडली. निघताना मी म्हटलं, "तीन वर्षं थांबवलं तुम्हाला."

"थांबलो न्हाय, भाबी," ते म्हणाले. "येत व्हतो."

पेटी उराशी धरून ते रिक्षात बसले. आता ते कशाला येतील, हे माझ्या मनात आलं ते रिक्षा वळल्यावर.

ट्रे मी सोड्याच्या गरम पाण्यात तीन वेळा उकळला. भिंतींना दुसऱ्याच दिवशी रंग दिला.

ती चित्रफीत तन्वीरने मला दाखवली. ऐंशी हजार लोकांनी बघितली आहे. त्यात पेटीवर मेणबत्त्या जळतायत आणि एक बाई मान खाली घालून रडतेय. लोक खाली लिहितात, याला म्हणतात प्रेम. मला त्या बाईकडे बघवत नाही. तिच्या पलीकडे, दाराजवळ, एक पांढरी टोपी अर्धी दिसते, ती कोणी विचारत नाही.

मी खाली लिहिलं, 'ही पेटी भिलारेवाडीच्या संभाजींची आहे. तिच्यावर आता तेच गातात. मी खोटं ऐकून घेतलं. आबेदा, निवृत्त शिक्षिका.' तासाभरात तनयाने ते काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेच पुन्हा लिहिलं, तिने पुन्हा काढलं. तेव्हापासून रोज नमाज झाला, चहा झाला की मी चष्मा लावून बसते आणि एक शब्द न बदलता लिहिते. आज नववा दिवस.